युद्धातल्या राखणदार जहाजाची पाकिटं : शिक्क्यात नावच नाही, मग जहाज ओळखायचं कसं?

ऑल्बनीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. आज एका पाकिटानं अडवलं आहे, म्हणून बसलोच.

इथे ऑल्बनीत हडसन नदीवर 'यूएसएस स्लेटर' नावाचं जुनं युद्धजहाज संग्रहालय म्हणून बांधून ठेवलेलं आहे. क्रमांक डीई-७६६. डीई म्हणजे डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट. व्यापारी जहाजांच्या तांड्याबरोबर राखणीला जायचं आणि पाणबुड्या हुडकायच्या, हे त्याचं काम. लांबी ३०६ फूट, त्यात २१६ माणसं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं अशी ५६३ जहाजं बांधली, त्यातली ७८ ब्रिटिशांना दिली. युद्धातल्या रूपात अजून पाण्यावर असलेलं अमेरिकेतलं हे एकच.

काही वर्षांपूर्वी बाबा नाशिकहून आले होते, त्यांना ते दाखवायला नेलं. बाबांची सगळी नोकरी आरएमएसमधली (रेल्वे मेल सर्व्हिस), धावत्या गाडीत उभं राहून पत्रं लावण्यात गेलेली. खाली एकावर एक टांगलेल्या कॅनव्हासच्या खाटा बघता बघता त्यांनी विचारलं, "एवढी दोनशे पोरं समुद्रावर. यांचं टपाल कुठून यायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी या जहाजाची पाकिटं शोधतो आहे. आज ३४ आहेत.

आता मूळ मुद्दा. अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर टपाल कार्यालयं सुरू झाली १९०८ मध्ये. बोटीवरचाच एक खलाशी टपाल कारकून व्हायचा आणि त्याच्याकडे जहाजाच्या नावाचा शिक्का असायचा. गोल वर्तुळात जहाजाचं नाव, शेजारी तिकीट रद्द करणाऱ्या आडव्या पट्ट्या. १९३० च्या दशकात त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत बंदराचं नाव किंवा 'सेवेतला पहिला दिवस' असा मजकूर बसवायची हौस फार होती. १९३२ मध्ये जहाजी शिक्के जमवणाऱ्यांची संस्थाही स्थापन झाली, ती अजून चालू आहे. त्या काळातली पाकिटं देखणी असतात. एका कोपऱ्यात जहाजाचं चित्र, खाली तारीख, सगळं नीटनेटकं.

मग पर्ल हार्बर झालं आणि शिक्क्यातलं नाव गेलं. जहाज कुठे आहे हे शत्रूला टपालावरून कळू नये म्हणून वर्तुळात फक्त 'यू. एस. नेव्ही' आणि तारीख उरली. शिक्क्यांच्या लोसी वर्गीकरणात अशा नाव गाळलेल्या प्रकाराला 'झेड' अक्षर जोडतात. हजारो जहाजं आणि एकसारखा शिक्का.

स्लेटर सेवेत आलं १ मे १९४४ ला, म्हणजे त्याचा युद्धातला सगळा काळ या बिननावाच्या शिक्क्याखाली गेला. त्यामुळे शिक्का बघून काहीच कळत नाही. सगळी भिस्त पाकिटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर, पाठवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या पत्त्यावर. नाव, हुद्दा, जहाजाचं नाव, मग 'मार्फत फ्लीट पोस्ट ऑफिस, न्यूयॉर्क'. त्या चार ओळी नसतील तर पाकीट मुकं.

आणि माझं पाकीट नेमकं तिथेच भिजलेलं आहे. जुन्या बाजारात एका खोक्यातून घेतलं. शिक्का 'यू. एस. नेव्ही', नोव्हेंबर १९४४. उजवीकडे तिकिटाच्या जागी हातानं लिहिलेलं 'फ्री' (१९४२ च्या एप्रिलपासून सैनिकांना साधं पत्र फुकट होतं). डावीकडे नावाचा निळा ओघळ, हुद्दा बहुधा मोटर मशिनिस्ट, मग 'डीई ७६' आणि पुढचा आकडा पाण्यानं नेलेला. खाली 'न्यूयॉर्क'.

७६६ असेल तर माझ्या संग्रहातलं ३५ वं. पण ७६४ गँडी, ७६५ अर्ल के. ओल्सन, ७६७ ओस्वाल्ड ही सगळी स्लेटरच्याच वर्गातली, फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या त्याच गोदीतली भावंडं, आणि नोव्हेंबर ४४ मध्ये सगळीच सेवेत. कसं ठरवायचं?

सांगलीची_सई

किती सुंदर विषय! मला तिकिटांमधलं काही कळत नाही, पण बाबांचा प्रश्न फार आवडला. पत्रं समुद्रातून जायची कशी, तेही सांगा ना. बोट बंदरात लागेपर्यंत थांबायचे का?

ऑल्बनीकर

सईताई, बहुतेक वेळा हो. एस्कॉर्ट जहाज तांड्याबरोबर अटलांटिक ओलांडायचं, तोवर लिहिलेली पत्रं साठायची आणि बंदर लागलं की पिशवी उतरायची. कधी भर समुद्रात मोठं जहाज शेजारी आलं, तर दोन्हींच्या मध्ये दोर ताणून कॅनव्हासची पिशवी सरकवायचे. घरून आलेल्या पत्रांचंही तसंच. महिनाभर काही नाही आणि मग एकाच दिवशी वीस.

लिहिलेलं पत्र बंद करून द्यायची मुभा नव्हती. जहाजावरचाच एक अधिकारी ते वाचायचा, जागेचं किंवा हवामानाचं नाव आलं असेल तर ब्लेडनं तेवढा तुकडा कापायचा, मग पाकीट चिकटवून त्यावर 'नौदल सेन्सॉरकडून पास' असा शिक्का मारायचा आणि त्यात स्वतःची आद्याक्षरं घालायचा. तुमच्याबरोबर जेवायला बसणारा माणूस तुमचं बायकोला लिहिलेलं पत्र वाचतो, हे मला आजही अवघड वाटतं. त्या पोरांनी तरीही किती लिहिलं आहे!

निवृत्त_तारबाबू

धागा वाचून जुने दिवस आठवले. ऑल्बनीकर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच आत्ता दिलंत. सेन्सॉरची आद्याक्षरं! एका लहान जहाजावर अधिकारी असून असून किती? पंधराएक. त्यातल्या दोनचार जणांकडेच हे काम असणार. तुमच्याकडे स्लेटरची खात्रीची पाकिटं आहेत, त्यावरच्या सह्या काढून शेजारी ठेवा. अक्षर जुळलं तर जहाज जुळलं.

आमच्याकडे खात्यात चुकीच्या पिशवीत गेलेलं पत्र शोधताना असंच करायचे. पत्ता वाचता आला नाही तर हात ओळखायचा.

ऑल्बनीकर

तारबाबू, हे आधी सुचायला हवं होतं. संध्याकाळी सगळी ३४ काढून बसतो.

चिंचपोकळीचा_चाळकरी

मी फोर्टात जीपीओच्या आसपास बरीच वर्षं तिकिटं धुंडाळली आहेत. माझा प्रामाणिक प्रश्न : ज्या पाकिटावर ना तिकीट, ना जहाजाचं नाव, ना चित्र, त्याला कुणी पैसे का द्यावेत? १९३० च्या दशकातली सचित्र पाकिटं घेतली तर बघायला तरी छान. आणि किंमत काय पडते?

ऑल्बनीकर

किंमत आधी सांगतो. युद्धकाळातली साधी पाकिटं मी पाच ते दहा डॉलरना घेतली आहेत, खोक्यातून निवडली तर त्याहून कमी.

'का' याचं उत्तर मात्र लांब आहे. सचित्र पाकिटं बहुतेक संग्राहकांनी स्वतःच पाठवलेली. टपाल कारकुनाकडे पत्ता लिहिलेली पाकिटं धाडायची आणि शिक्का मारून परत मागवायची. त्यात गैर काही नाही, माझ्याकडेही आहेत. पण त्यांना काही सांगायचं नव्हतं, आत कोरं पुठ्ठ्याचं कार्ड. बिननावाच्या शिक्क्याचं पाकीट खरोखर कुणीतरी कुणालातरी लिहिलेलं असतं. माझ्याकडे एकाच खलाशाची पाच आहेत, सगळी आईच्या पत्त्यावर. पहिल्यावर हुद्दा 'सीमन सेकंड क्लास', चौथ्यावर 'फर्स्ट क्लास'. पाचव्यावर खाली न्यूयॉर्कऐवजी सॅन फ्रान्सिस्को. म्हणजे १९४५ च्या उन्हाळ्यात जहाज पनामा कालव्यातून पॅसिफिकला गेलं, ते सेन्सॉरनं पत्रात लिहू दिलं नसतं, पण पत्ता सांगून गेला. आईलाही तो बदल बघूनच कळलं असणार.

एक सावधगिरीचं सांगतो. युद्धकाळातल्या खऱ्या साध्या पाकिटावर नंतर कुणीतरी जहाजाचं चित्र छापून विकायला काढलेलं मी पाहिलं आहे. चित्राची शाई शिक्क्याच्या वर चढलेली दिसली की समजावं.

मंदारमाला

व्ही-मेलचा उल्लेख कसा नाही आला? पत्राचा फोटो काढून फिल्मची रिळं विमानानं न्यायची आणि पोचल्यावर छोट्या कागदावर छापून द्यायची, १९४२ ते ४५. विमानातली जागा वाचावी म्हणून.

दुसरं म्हणजे, या प्रकारच्या जहाजांमध्ये 'यूएसएस मेसन' विसरू नका. डीई-५२९, मार्च १९४४ मध्ये सेवेत. त्यावरचे १६० खलाशी कृष्णवर्णीय होते. तोवर नौदलाच्या जहाजांवर त्यांना बहुतेक स्वयंपाकघर आणि वाढपाची कामंच मिळत होती. त्या वर्षीच्या वादळी समुद्रात तांडा सांभाळल्याबद्दलचं कौतुकपत्र त्यांना मिळालं ते १९९४ मध्ये, पन्नास वर्षांनी. मेसनवरून आलेलं पाकीट कुणाकडे असेल तर ते कपाटात नको, संग्रहालयात हवं.

ऑल्बनीकर

मंदारमाला, मेसनबद्दल अगदी सहमत. मी अजून एकही पाहिलेलं नाही.

व्ही-मेल मी जमवत नाही, कारण हातात येते ती छपाई, मूळ कागद नाही. हे माझं वैयक्तिक मत, त्याचे मोठे अभ्यासक आहेत.

सगळ्यात जड पाकिटं असतात ती परत आलेली. 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स', डीई-४१३, एप्रिल १९४४ च्या अखेरीस सेवेत आलं आणि २५ ऑक्टोबरला फिलिपिन्समधल्या समारजवळ आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या जपानी युद्धनौकांशी झुंजून बुडालं. जेमतेम सहा महिन्यांचं आयुष्य. २०२२ मध्ये ते सुमारे ६,९०० मीटर खोल सापडलं. अशा जहाजांच्या पत्त्यावर घरून निघालेली पत्रं नंतरही वाटेवर असायची आणि शिक्के खात खात परत यायची. तसलं एक मी एका प्रदर्शनात पाहिलं. विकायला होतं. घेतलं नाही, घेववलं नाही.

हर्णैचा_दिवा

मी इथे सहसा वाचनमात्र असतो, पण आज लिहितो. आमचे आजोबा बोटीवर होते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आधीपासून नौदलात जायची रीत, घराघरात एक तरी माणूस. आजोबा युद्धात रॉयल इंडियन नेव्हीत होते, 'गोदावरी' बोटीवर, एवढंच घरात सांगतात. ते मी लहान असतानाच गेले.

हा धागा वाचून माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. त्यात एक पाकीट मिळालं. पत्र आत नाही. वरचा उजवा कोपरा कात्रीनं कापलेला. तिकीट काढायला कापला आहे. आमच्या घरात सगळ्यांनाच तिकिटांचा नाद होता, मी स्वतः बादलीत पाकिटं भिजवून तिकिटं सोडवली आहेत. किती पाकिटं अशी गेली असतील, हे आता कळतं आहे. डावीकडे 'एच. एम. आय. एस. गोदावरी' वाचता येतं. मधोमध जांभळा शिक्का, अर्धा पुसलेला. मागच्या बाजूला मोडीत काहीतरी आहे. याला काही अर्थ आहे का, की आता उपयोग नाही?

ऑल्बनीकर

हर्णैचा दिवा, अहो, उपयोग नाही कसा! ते पाकीट आधी कशातही चिकटवू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो टाका.

माझ्या धाग्याचा विषय अमेरिकी जहाज, पण गोदावरी तंतोतंत त्याच कामाची. स्लूप म्हणायचे तिला, तांड्यांची राखण करणारी. १२ ऑगस्ट १९४४ ला सेशेल्सजवळ 'एचएमएस फाइंडहॉर्न' आणि आपली गोदावरी यांनी मिळून यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. पाणबुडीवरची सगळी ६६ माणसं गेली. फाळणीत गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला आली आणि तिचं नाव 'सिंध' झालं. त्यामुळे इकडे तिची आठवण काढणारे कमी.

निवृत्त_तारबाबू

फोटो पाहिला. जांभळा शिक्का सेन्सॉरचा वाटतो. कापलेल्या कडेला एक काळी कमान दिसते आहे ना, तो टपालाच्या शिक्क्याचा उरलेला काठ. तारीख तिकिटाबरोबर गेली.

ब्रिटिश नौदलाचं टपालही असंच मुकं असे. 'पोस्ट ऑफिस मॅरिटाइम मेल' एवढंच छापलेलं, बंदर नाही, जहाज नाही.

मोडीवाचक_पुणे

मोडी मी वाचतो. मागची ओळ घरच्या कुणाच्या तरी हातची आहे, पत्र मिळाल्याची नोंद. 'पत्र पावले', पुढे 'भाद्रपद शुद्ध', तिथीचा आकडा पुसट, मग 'शके १८६६'. शके १८६६ म्हणजे १९४४-४५, भाद्रपद शुद्ध म्हणजे साधारण १९४४ च्या ऑगस्टचा उत्तरार्ध. गणपतीचे दिवस.

पूर्वी पुष्कळ घरांत आलेल्या पत्रावर अशी नोंद करून मग ते तारेत ओवून ठेवायचे. तुमच्या पाकिटाला मधोमध भोक आहे का बघा.

हर्णैचा_दिवा

आहे. मला वाटलं कसरीनं खाल्लंय.

ते अक्षर पणजोबांचं असणार, मोडी तेच लिहायचे. म्हणजे हे पाकीट त्या पाणबुडीच्या लढाईनंतर आलेलं? आजोबांनी त्याबद्दल लिहिलं असेल का?

ऑल्बनीकर

मोडीवाचक, तुमचे मनापासून आभार. शिक्क्यावरची तारीख कात्रीनं नेली आणि पणजोबांनी मागे लिहून ठेवली!

दादा, लढाईबद्दल मात्र घाई नको. पाकीट भाद्रपद शुद्धात हर्णैला पोचलं, एवढं पक्कं. ते समुद्रावरून कधी निघालं ते आपल्याकडे नाही. लढाईच्या आधी लिहून नंतर पोचलं असेल, आणि नंतर लिहिलं असलं तरी पाणबुडीचं अक्षर सेन्सॉरनं ठेवलं नसतं. पण तुमच्या घरी गणपतीत, आजोबा खुशाल आहेत हे कळलं होतं. ते पणजोबांच्या हातचं आहे.

एक विचारू? कापलेलं तिकीट घरात कुठे असेल का? ते पाण्यात सोडवलेलं नसेल आणि मागे पाकिटाचा कागद असेल, तर शिक्क्याचा उरलेला भाग त्यावर असणार. कडा जुळवून बघता येईल.

बँकेतली_मीरा

ऑल्बनीकर, तुमच्या ७६ नंतरच्या आकड्याचं काय झालं? मी कॅशियर आहे. नोटा तपासायचा यूव्ही दिवा असतो ना, तो अंधारात पाकिटावर धरून बघा. आमच्याकडे पाणी लागून शाई गेलेल्या पे-इन स्लिपवर त्या दिव्यात आकडे काळपट उमटलेले मी स्वतः वाचलेत. कागद चमकतो, शाई शोषलेली जागा चमकत नाही. दिवा फार वेळ धरू नका, एवढंच.

चिंचपोकळीचा_चाळकरी

मीराताई, भारी.

मी वर विचारलं होतं, पैसे का द्यावेत. हर्णैच्या पाकिटानंतर प्रश्न मागे घेतो. माझ्याकडे आर्मी पोस्टल सर्व्हिसची कव्हरं आहेत, आपल्या नौका सेवेत येताना निघालेली, ५६ एपीओच्या (लष्करी टपाल कार्यालयाच्या) शिक्क्याची, एकदम कोरी करकरीत. पण माझा चुलतभाऊ नौदलात होता, त्याची 'मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' असा पत्ता लिहिलेली पत्रं आम्ही रद्दीत दिली. आता जी उरली असतील ती मागून आणतो.

आणि जपायची कशी तेही सांगा. आमच्या चाळीत पावसाळ्यात भिंतीला ओल येते.

ऑल्बनीकर

ओल हाच खरा शत्रू, कोकणात तर जास्तच. साध्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, पीव्हीसी कालांतरानं चिकट होतं आणि शाई उचलतं. मायलरचे (पारदर्शक पॉलिएस्टरचे) खिसे मिळतात ते घ्या, नाहीतर आम्लरहित कागदाची घडी. पाकिटं उभी ठेवा, एकावर एक दाबून नको. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि जेल बदलायला विसरू नका. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ नकोत. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पाऊस संपला की कोरड्या दिवशी सगळं काढून सावलीत वारा द्या, उन्हात नाही. आणि चिकटपट्टी कधीच लावायची नाही, पाकीट फाटलेलं असलं तरी.

ऑल्बनीकर

मंडळी, निकाल लागला.

आधी तारबाबूंचा उपाय केला. माझ्या ३४ पैकी २१ पाकिटांवर सेन्सॉरची आद्याक्षरं वाचता येतात. चार वेगवेगळे हात आहेत. भिजलेल्या पाकिटावरची सही त्या चारांतली एकही नाही. तिथेच मन थोडं खट्टू झालं, तरी म्हटलं, पाचवा अधिकारी असू शकतो.

मग मीराताईंचा दिवा. बायकोनं खोलीतले दिवे घालवले, मी पाकीट धरलं. ओघळलेल्या जागेत '७६' च्या पुढे वरची आडवी रेघ आणि खाली तिरका दांडा. सात. डीई-७६७. वरच्या ओळीत शेवटची दोन अक्षरं 'एलडी' अशी लागतात. ओस्वाल्ड.

तर हे स्लेटरचं नाही. बाबांना नाशिकला फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "चुकीच्या पिशवीतलं पत्र योग्य पिशवीत गेलं." अल्बममध्ये ओस्वाल्डसाठी नवं पान घातलं आहे. त्या जहाजाची पाकिटं कुणाला दिसली तर कळवा, विशेषतः सेन्सॉरची सही असलेली. माझ्याकडच्या सहीचा फोटो देतो, जुळवून बघता येईल.

निवृत्त_तारबाबू

वडिलांना नमस्कार सांगा.

हर्णैचा_दिवा

आईला विचारलं. तिकिटाचा अल्बम थोरल्या काकांकडे डोंबिवलीला आहे, ते लहानपणी पाकिटाचा कागद न सोडवता तशीच चिकटवायचे म्हणे. काकांना फोन केला, ते म्हणाले गणपतीला येताना घेऊन येतो. पाकीट तोवर आम्लरहित कागदात ठेवलं आहे. ती कमान आणि तिकीट जुळलं तर फोटो इथेच टाकतो.